पाणी उंबऱ्याला लागणार का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात भेटेल तो एकच विचारत होता: बंधाऱ्यावर किती झालंय? बंधारा म्हणजे पंचगंगेवरचा, कसबा बावड्याचा राजाराम बंधारा. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शहरात यायचे-जायचे रस्ते बंद झाले. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थबकलं होतं आणि रात्री अकराला शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.

"सर, तुम्ही गणित शिकवताय न्हवं? मग सांगा की, पाणी आमच्या उंबऱ्याला लागणार का न्हाई? लागणार असंल तर धान्याची पोती माळ्यावर चढवतो."

"चढवा काकू, मी येतो हात द्यायला," एवढंच मी म्हणालो. ते उत्तर भीतीपोटी आलं होतं, त्यात गणित नव्हतं. पहाटे पाणी उंबरा ओलांडून आत आलं. पोती वाचली. पण काकूंचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. गणितानं या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ठरवलं, तर त्याला काय काय ठाऊक असावं लागेल? आणि असं काम जगात कुणी करतं का?

करतात, आणि बऱ्याच वर्षांपासून करतात. पाऊस, नदी, भूजल, खनिजं, भूकंप, हिमनद्या, समुद्र या सगळ्यांचं गणित मांडणाऱ्यांची एक जागतिक बिरादरी आहे. तिच्यातली एक संघटना जन्मली ती वेळच विलक्षण होती. १९६८ च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरात आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषद भरली होती. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत युनियन आणि तिच्या मित्रदेशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. रस्त्यावर रणगाडे आले, परिषद अर्धवट गुंडाळावी लागली. त्याच गोंधळात २२ ऑगस्टला गणिती भूविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले आंद्रेई विस्टेलियस, एक सोव्हिएत शास्त्रज्ञ. बाहेर रणगाडे असताना आत वेगवेगळ्या देशांचे लोक दगडांच्या आकडेमोडीसाठी एकत्र येतात, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो.

दुसरा गट अमेरिकेतला. तिथं १९५२ मध्ये औद्योगिक आणि उपयोजित गणिताची एक संस्था स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'सियाम' म्हणतात. तिच्यात भूविज्ञानासाठी वेगळा गट आहे आणि त्याची परिषद एक वर्षाआड भरते. २०१७ ला ती जर्मनीतल्या एरलांगेनला झाली, २०१९ ला ह्यूस्टनला, २०२३ ला नॉर्वेतल्या बर्गेनला. तेलाच्या विहिरींवर काम करणारा अभियंता, समुद्राचा अभ्यासक आणि निव्वळ समीकरणं सोडवणारा गणिती तिथं एकाच खोलीत बसतात. यांना एकमेकांची गरज का पडते, हे समजायला काकूंच्या प्रश्नाबरोबर थोडं चालावं लागेल.

पाऊस किती पडला?

उंबऱ्यावरच्या पाण्याची सुरुवात घाटमाथ्यावर होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. म्हणजे पहिला प्रश्न असा की या नद्यांच्या सगळ्या खोऱ्यात मिळून पाणी पडलं किती?

सोपं वाटतं. पर्जन्यमापक आहेत, आकडे रोज पेपरात येतात. पण पर्जन्यमापकाचं तोंड घागरीच्या तोंडाएवढं, आणि खोरं हजाराहून जास्त चौरस किलोमीटरचं. मापकात पडला तेवढाच पाऊस आपल्याला माहीत असतो, बाकीचा अंदाज. त्यात आपला जिल्हा असा की गगनबावड्याला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस, कोल्हापूर शहरात साधारण हजारभर आणि शिरोळला त्याच्याही निम्म्यावर. एवढा फरक शंभर किलोमीटरच्या आत. सगळ्या मापकांची सरासरी काढून खोऱ्यावर पसरली तर ती घाटात फार कमी आणि शिरोळकडे फार जास्त भरेल.

या प्रश्नाचं उत्तर सोन्याच्या खाणीतून आलं. डॅनी क्रिगे हे दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता. जोहान्सबर्गजवळच्या खाणींत इथं तिथं भोकं पाडून दगडाचे नमुने घ्यायचे आणि मधल्या भागात सोनं किती असेल ते ठरवायचं, हे त्यांचं काम. १९५१ मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. पुढं फ्रान्सच्या जॉर्ज माथेरों यांनी त्याला पक्का गणिती पाया दिला आणि पद्धतीला क्रिगे यांचंच नाव दिलं. आज तिला जगभर 'क्रिगिंग' म्हणतात.

तिचं मर्म असं: जवळच्या गोष्टी एकमेकींसारख्या असतात, आणि लांब जावं तसं हे साम्य कमी होत जातं. पण किती लांब गेल्यावर किती कमी? हे आधी मोजायचं. मापकांच्या सगळ्या जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीतलं अंतर आणि दोघांच्या पावसातला फरक काढायचा, आणि अंतरागणिक फरक कसा वाढतो त्याची रेषा आखायची. आपल्याकडे ही रेषा दिशेप्रमाणे बदलेल. सह्याद्रीच्या कडेनं उत्तरेकडून दक्षिणेकडे वीस किलोमीटर गेलात तर पाऊस फारसा बदलत नाही. पण घाटाकडून पूर्वेला तेवढंच अंतर उतरलात तर तो झपाट्यानं कमी होतो. म्हणून गगनबावड्याचा आकडा कडेकडेच्या गावांसाठी जास्त भरवशाचा आणि पन्हाळ्याच्या पूर्वेकडच्या गावासाठी कमी. क्रिगिंग प्रत्येक मापकाला किती वजन द्यायचं ते या रेषेवरून ठरवतं.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट पुढं आहे. ही पद्धत अंदाजासोबत त्या अंदाजाची चूकही सांगते. मापक जवळ असेल तिथं चूक लहान, लांब असेल तिथं मोठी. त्यामुळे पावसाचा नकाशा काढला की त्याच्या शेजारी दुसरा नकाशा आपोआप तयार होतो: आपण कुठं अंधारात आहोत त्याचा. पुढचा पर्जन्यमापक कुठं बसवायचा, हे हा दुसरा नकाशाच सांगू शकतो.

क्रिगे यांनी आणखी एक गोष्ट पकडली होती. नमुन्यावरून जो भाग फार श्रीमंत वाटतो, तो खणल्यावर सरासरीनं तेवढा श्रीमंत निघत नाही. शिक्षकांना हे अनुभवानं माहीत असतं. घटक चाचणीत पहिल्या आलेल्या पाच मुलांचे पुढच्या चाचणीतले गुण बघा, सरासरी थोडी खाली आलेली असते. मुलं बिघडलेली नसतात. पहिल्यांदा त्यांच्या अभ्यासाला थोडी नशिबाचीही साथ होती, आणि आपण निवडलं तेच साथ मिळालेल्यांना. आपल्या जिल्ह्यात राधानगरीकडच्या दुर्गमानवाडीसारख्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळी पठारांवर, बॉक्साईट आहे. तिथंही चार भोकांत चांगला माल लागला म्हणून सगळा सडा तसाच धरला, तर हिशोब चुकणारच.

खालचं पाणी वरच्याला कसं अडवतं

पाऊस कळला असं धरू. आता पाणी वाहणार कसं? याची समीकरणं १८७१ पासून माहीत आहेत. फ्रान्सच्या सां-व्हनां यांनी ती मांडली. त्यात दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. एक, पाणी हरवत नाही: नदीच्या एखाद्या तुकड्यात जेवढं आलं त्यातून बाहेर गेलेलं वजा केलं की उरेल तेवढी तिथली पातळी वाढते. दोन, पाण्याचा वेग ढकलण्यानं वाढतो आणि घासण्यानं कमी होतो. ढकलतो तो उतार आणि मागच्या पाण्याचा दाब. घासतो तो तळ, काठ, झाडं.

पहिल्या नियमाचा अंदाज यावा म्हणून भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे घेऊ. एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं, हे पावसाळ्यात आपण रोज वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. सातही दरवाजे उघडले तर जवळपास दहा हजार क्युसेक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर सात दरवाज्यांतून दिवसाला पाऊण टीएमसीहून थोडं जास्त पाणी खाली येतं. धरणाची सगळी साठवण सुमारे ८.३६ टीएमसी. बातमीतले हे आकडे एकदा एकमेकांशी जोडून बघितले की विसर्ग वाढल्याचं वाचून छातीत धस्स व्हायच्या आधी थोडा विचार करता येतो.

आता दुसरा नियम. इथं कोल्हापूरकरांना अनुभवानं माहीत असलेली, पण कुणी फारशी समजावून न सांगितलेली गोष्ट आहे: फूग. वर पाऊस थांबलेला, धरणांचे दरवाजे मिटलेले, तरी पाणी उतरत नाही. जुनी माणसं म्हणतात, "खाली कृष्णा फुगलीया." पंचगंगा सुमारे ऐंशी किलोमीटर वाहून नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. मग तिथली बातमी उलट्या दिशेनं कोल्हापूरपर्यंत पोहोचते कशी?

नदीत दगड टाका आणि तरंग बघा. पाणी संथ असेल तर तरंगाची एक बाजू प्रवाहाच्या विरुद्धही सरकते. पाणी तरंगापेक्षा जोरात धावत असेल, घाटातल्या ओढ्यासारखं, तर सगळे तरंग खालीच वाहून जातात. लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: दहा मीटर खोल पाण्यात ती सेकंदाला सुमारे दहा मीटर जाते. प्रवाहाचा वेग भागिले लाटेचा वेग, या संख्येला विल्यम फ्राउड यांचं नाव आहे. ती एकापेक्षा कमी असेल तर खालची बातमी वर जाऊ शकते. घाट उतरल्यावर आपल्या नद्यांना उतार फार थोडा, म्हणून पुरातली पंचगंगा संथ आणि खोल. तिची फ्राउड संख्या एकच्या खूप खाली असते. म्हणजे कोल्हापूरची पातळी काढायला नुसता वरून येणारा विसर्ग पुरत नाही. नरसोबावाडीला कृष्णा किती उंच आहे, हेही समीकरणाला सांगावं लागतं. ते न सांगता गणित सुटतच नाही.

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा वाद नेमका इथंच येतो. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा विचार आहे आणि आपल्याकडे त्याची धास्ती आहे. फूग कुठपर्यंत चढते हे धरणातली पातळी, त्या वेळचा विसर्ग, मधल्या नदीपात्राचा आकार आणि त्याचा खडबडीतपणा या चार गोष्टींवर ठरतं. माझं मत स्पष्ट आहे. हा वाद भाषणांत मिटणार नाही. दोन्ही राज्यांनी नदीपात्राची मोजमापं आणि गणिताच्या फाईली एकाच टेबलावर उघड्या ठेवाव्यात आणि कुणालाही ते गणित पुन्हा करून बघता यावं.

खडबडीतपणाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपला ऊस तिथंच उभा आहे. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्यानं १८८९ मध्ये पाण्याचा वेग काढायचं एक सूत्र मांडलं. त्यात खडबडीतपणाचा एक गुणांक आहे. गुळगुळीत काँक्रीटच्या कालव्याला तो ०.०१३ च्या आसपास, साध्या नदीपात्राला ०.०३ च्या आसपास, आणि दाट झाडोऱ्यातून पाणी जात असेल तर ०.१ किंवा त्याहून वर. गुणांक तिप्पट झाला तर त्याच खोलीला, त्याच उताराला पाण्याचा वेग एक-तृतीयांश होतो. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडलं की दोन्ही काठांच्या मळीत पुरुषभर उंचीचा ऊस उभा असतो. त्या उसाचा गुणांक किती? जुलैतला वेगळा, लोळलेल्या उसाचा आणखी वेगळा. हा आकडा पुस्तकात बघून भरता येत नाही. जुन्या पुराच्या खुणांशी गणित ताडून बघायचं, आणि उत्तर जुळेपर्यंत गुणांक बदलत राहायचा. म्हणून भिंतीवरच्या पुराच्या रेषेला या गणितात फार किंमत आहे. त्याकडे शेवटी येतोच.

संगणकाला वेळ का लागतो

ही समीकरणं खऱ्या नदीसाठी कागदावर सुटत नाहीत. त्यासाठी जमिनीचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडायचे, वेळेचेही छोटे टप्पे करायचे, आणि प्रत्येक टप्प्याला प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या चौकोनांशी देवघेव करून पुन्हा मोजायचं.

गल्लीपर्यंतचं उत्तर हवं तर चौकोन दहा मीटरचा तरी हवा. शंभर चौरस किलोमीटरला असे दहा लाख चौकोन लागतात. आणि वेळेचा टप्पा मनाला येईल तेवढा मोठा धरता येत नाही. कुरां, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्ये दाखवलं की या सरळ पद्धतीत एका टप्प्यात लाटेनं चौकोनापेक्षा लांब उडी मारली तर गणित फुटतं. आकडे वेडेवाकडे वाढत जातात आणि नदी आभाळाला टेकते. दहा मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला दहा मीटर जाते, म्हणजे टप्पा फार तर सेकंदाचा. एका दिवसाला ८६,४०० टप्पे, गुणिले दहा लाख चौकोन: ८,६४० कोटी वेळा हिशोब. चौकोन पाच मीटरचा केला तर चौकोन चौपट, टप्पे दुप्पट, काम आठपट. पूर चढत असताना उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं तर त्याचा उपयोग काय? म्हणून कमी हिशोबात तेवढंच खरं उत्तर कसं काढायचं, यावर या बिरादरीतले गणिती आयुष्य घालवतात.

एवढं करूनही संगणकाची नदी खऱ्या नदीपासून हळूहळू सरकत जाते. मग बंधाऱ्यावरची पट्टी वाचायची आणि गणिताला ताळ्यावर आणायचं. पण विश्वास कुणावर किती ठेवायचा? उदाहरणासाठी समजा, गणित म्हणतंय ५० फूट, चूक दोन फूट इकडं तिकडं. पट्टी म्हणतेय ४७ फूट, पण अंधार, लाटा आणि पाऊस यामुळे तिच्यातही एक फुटाची चूक. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीनं ज्याची चूक कमी त्याला वजन जास्त, आणि तेही 'चूक गुणिले चूक' या संख्येच्या उलट प्रमाणात. इथं पट्टीला चार भाग, गणिताला एक भाग. उत्तर येतं ४७.६ फूट, आणि त्याची चूक सुमारे ०.९ फूट. दोघांपेक्षाही कमी! दोन अर्धवट खऱ्या साक्षीदारांना नीट वजन देऊन ऐकलं तर मिळणारी साक्ष दोघांहून खरी असते, हे पहिल्यांदा फळ्यावर सिद्ध करताना मला जो आनंद झाला तो अजून टिकून आहे.

दहा लाख चौकोनांना ही पद्धत जशीच्या तशी झेपत नाही. नॉर्वेच्या गायर इव्हेनसेन यांनी १९९४ मध्ये समुद्राच्या गणितासाठी वाट काढली: एकच नदी चालवण्याऐवजी थोड्या थोड्या फरकानं शेकडा-पाऊणशे नद्या एकदम चालवायच्या, आणि त्या एकमेकींपासून किती फाकतात त्यावरून चूक किती ते ओळखायचं. समुद्रासाठी काढलेली ही युक्ती पुढं तेलाच्या साठ्यांना लागू पडली, मग भूजलाला, पुरालाही. समुद्रवाले, तेलवाले आणि नदीवाले आपापल्या परिषदांतच बसले असते तर ही युक्ती एवढी फिरली असती का?

बोअर मारण्याआधी

पुराचं पाणी निदान दिसतं. जमिनीखालचं दिसतही नाही. आपल्याकडे बोअरची गाडी आली की सगळी भावकी जमते. एकाच्या बोअरला धो धो पाणी लागतं, आणि पन्नास फुटांवर चुलतभावाच्या बोअरमधून नुसती पांढरी भुकटी उडते. आपल्या काळ्या कातळात पाणी सगळीकडे सारखं नसतं. ते भेगांमधून, झिजलेल्या थरांतून आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यातून वाहतं.

खडकातून पाणी कसं वाहतं याचा साधा नियम ऑंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूच्या नळ्यांवर प्रयोग करून काढला. दाबातला फरक जेवढा, तेवढा प्रवाह. नियम सोपा, पण त्यात खडकाचा एक गुणांक आहे आणि तो खडकाखडकाला, हाताहाताला बदलतो. म्हणून प्रश्न उलटा करावा लागतो: वरून मोजलेल्या आकड्यांवरून खालचा खडक ओळखायचा.

माठ घेताना आपण बोटानं टिचकी मारून बघतो. आवाज बद्द आला की माठ चिरलेला. चीर माहीत असेल तर आवाज कसा येईल, हा सुलटा प्रश्न. आवाज ऐकून चीर कुठं आणि केवढी हे सांगायचं, हा उलटा. उलट्या प्रश्नाला एकापेक्षा जास्त उत्तरं असू शकतात, कारण वेगवेगळ्या चिरांचा आवाज सारखा येऊ शकतो. आणि ऐकण्यात थोडी चूक झाली तर उत्तरात फार मोठी चूक होऊ शकते. गणिती आदामार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा प्रश्नांची लक्षणं सांगून ठेवली होती. त्यांना 'बिघडलेले प्रश्न' म्हटलं तरी चालेल. पण निसर्गाचे कामाचे प्रश्न बहुतेक याच जातीचे निघाले. त्यांना सोडवायचं तर गणिताच्या बाहेरून काहीतरी माहिती घालावी लागते, म्हणजे खडक ओळखणाऱ्या माणसाचं ज्ञान. इथं एकटा गणिती हतबल असतो.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा कोल्हापूरही हादरलं होतं. घरोघरी त्याच्या आठवणी आहेत. धरणाच्या पाण्याचा दाब भेगांतून खोल झिरपून भूकंपाला निमित्त होतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. त्या झिरपण्याचं गणितही दार्सींच्या नियमातूनच निघतं.

एकच समीकरण, नऊ उत्तरं

अशा बिरादरीचा उपयोग काय, हे बर्गेन विद्यापीठातल्या एका प्रयोगातून चांगलं दिसतं. तिथं जवळपास तीन मीटर रुंद काचेच्या भिंतीआड वाळूचे थर भरून, त्यात पाणी घालून, जमिनीखालच्या खडकाची एक प्रतिकृती तयार केली. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि तो कुठं साठतो, किती विरघळतो ते बघायचं. हवामान बदल रोखायला हा वायू जमिनीत खोल साठवण्याची जी योजना आहे, तिचीच ही लहान चाचणी. पण प्रयोगाचा निकाल कळायच्या आत जगातल्या नऊ गटांनी आपापल्या संगणकावर भाकीत करायचं होतं. समीकरणं सगळ्यांची जवळपास तीच. वाळूची माहिती सगळ्यांना सारखीच दिलेली. तरी काही आकड्यांत उत्तरं एकमेकांपासून लांब पडली, कारण वाळूचा गुणांक किती धरायचा, चौकोन केवढा ठेवायचा हे निर्णय माणसं घेतात. प्रयोगही एकदा करून थांबले नाहीत, पाच वेळा केला, म्हणजे निसर्गच स्वतःपासून किती हलतो तेही कळावं.

आपली उत्तरं आधी लिहून द्यायची आणि मग सगळ्यांसमोर ताडून बघायची, याला धाडस लागतं. अशी सवय एकट्याला लागत नाही, ती चारचौघांत बसूनच लागते. आपल्याकडेही हे घडतंय. प्रागला जन्मलेल्या त्या संघटनेची परिषद २०१४ मध्ये दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात झाली. बंगळूरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे बी. एस. दया सागर यांना तिनं २०११ मध्ये माथेरों यांच्या नावाचं व्याख्यान द्यायचा मान दिला होता. माझी इच्छा एवढीच आहे की शिवाजी विद्यापीठात अवकल समीकरणं शिकणाऱ्या पोराला पंचगंगा हे आपल्या समीकरणाचंच उदाहरण वाटावं, आणि घाटावरून नदी बघताना त्याच्या मनात फ्राउड संख्या यावी.

२०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ फुटांच्या वर पाणी गेलं. गाळ काढताना काकू चिडून म्हणाल्या, "शंभर वर्षांतनं एकदा येतोय म्हणं असला पूर. मग दोन वर्षांत परत कसा आला हो सर?"

मी खराट्याला टेकून उभा राहिलो आणि सांगितलं, "काकू, शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षं सुट्टी न्हवं. दरवर्षी शंभरात एक चिठ्ठी त्याच्या नावाची. यंदा निघाली तरी पुढच्या साली चिठ्ठी पुन्हा डब्यात." तीस वर्षांत ती एकदा तरी निघायची शक्यता सुमारे २६ टक्के येते. आणि शंभरात एकच चिठ्ठी, हाही आपला अंदाजच. मोजमापं थोड्या वर्षांची असली, आणि पाऊस, नदीकाठ, बांधकामं सगळंच बदलत असलं, तर डब्यात तीन-चार चिठ्ठ्याही असू शकतात.

"मग आमी काय करायचं?"

त्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वर्गातली सात-आठ पोरं गल्लीत फिरली. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल-नळी घेऊन त्यांनी प्रत्येक घराच्या उंबऱ्याची उंची गल्लीच्या तोंडाच्या खांबापासून काढली. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेषा भिंतींवर जिथं दिसत होत्या त्या मोजल्या. जिथं पुसल्या होत्या तिथं जुन्या माणसांना विचारून लिहिल्या, आणि अशा आकड्यांपुढं वेगळी खूण केली. त्या दोन्ही वेळी बंधाऱ्यावर किती फूट होतं तेही शेजारी मांडलं. आता बंधाऱ्यावर आकडा चढायला लागला की काकूंना मी आकड्यासोबत वीतभर इकडं तिकडं असं सांगतो, आणि त्या वरची वीत धरून पोती चढवतात.

काकूंनी दिवाळीला घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला दाराशेजारी हातभर रुंदीची पट्टी तशीच सोडायला लावली. मातकट पाण्याच्या दोन रेषा तिथं अजून दिसतात.